ताटात पडेल तेवढं

नळदुर्गात महालिंगप्पाची आडत नाव घेण्यासारखी होती. गूळ, शेंगा, करडई आणि तूप. लढाईची सालं होती, निजामाच्या सगळ्या मोगलाईत टंचाई होती, रॉकेलसाठी माणसं बाटल्या घेऊन ताटकळायची. पण महालिंगप्पाच्या मागच्या खोलीत तुपाचे डबे आढ्याला टेकलेले. त्या घरात वाट चुकलेली मुंगीसुद्धा पोट भरून जायची. आणि त्याच घरात महालिंगप्पाची एकुलती एक पोरगी, चौदा वर्षांची जगदेवी, अर्ध्या पोटी उठायची. गरिबीनं नव्हे, बरं का. ठरवून. घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी बसून, पान खाऊन, विचार करून ठरवलेलं होतं ते.

गौराबाईला ह्याची शिसारी यायची. गौराबाई म्हणजे महालिंगप्पाच्या धाकट्या भावाची, शरणप्पाची बायको. तिला स्वतःचं लेकरू झालं नाही. जगदेवीची आई पोर रांगत असतानाच गेली, तेव्हापासून पोर हिच्या कडेवर. न्हाऊमाखू घातलं हिनं, गोवर निघाला तेव्हा उशाला बसली ही, पहिला घास भरवला तोही हिनंच. चूलही हिचीच. पण चुलीवर काय शिजावं आणि कुणाच्या ताटात किती पडावं, हे ठरवायची शिवम्मा. शिवम्मा ही महालिंगप्पाची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली ती कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवूनच बसली. महालिंगप्पा सगळ्या बाजाराला दरडावायचा, पण बहिणीपुढं त्याची मांजर व्हायची.

सगळं सुरू झालं जळकोटच्या पाहुण्यांपासून. दिवाळी झाल्यावर ते पोरगी बघायला आले. जगदेवी आईच्या वळणावर गेलेली, उफाड्याची. उंच, रुंद खांद्यांची, गालावर रक्त दिसायचं. रहाटावरून भरलेली घागर एका हातानं काढायची. नवरामुलगा मात्र एवढासा, तोही आईच्या पदराला लागून बसलेला. पाहुण्या बायकांनी पोरीला उभी केली, बसवली, चालवली, आणि शिऱ्याच्या ताटल्या चाटूनपुसून झाल्यावर त्यातली एक म्हणाली की ही पोरगी न्हाय, बाई हाय. आमच्या पोराला काखोटीला मारून नेईल. मग सगळ्या हसल्या. बारावं वर्ष सांगता आणि सोळाची घोडी दाखवता, असंही बोलून गेल्या. कारण महालिंगप्पानं पोरीचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलेलं होतं. पुढचा बाजार भरेस्तोवर ही गोष्ट नळदुर्गात सगळ्यांच्या तोंडी झाली. महालिंगप्पाचं नाक कापलं गेलं म्हणे. पोरीचं काय कापलं गेलं ते कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी शिवम्मानं निकाल दिला. पोरीची वाढ तोडायची. तूप नको, दूध नको, गूळ नको, शेंगा नकोत, तीळ तर नावालाही नकोत. सकाळी हुलग्याचं पातळ माडगं, दुपारी अर्धी भाकरी आणि पाल्याची भाजी, दिवेलागणीला पुन्हा माडगं. हुलग्यानं अंग झडतं. घोड्याला घालतात ते हुलगे, पण घोड्याला निदान पोटभर घालतात. मग शिवम्मानं काळा धागा आणला आणि जगदेवीच्या दंडाला घट्ट बांधला. हा धागा सैल होऊन गरागरा फिरला पाहिजे, मग सोयरीक, असं तिनं बजावलं. हे सांगताना तिच्या हातात तुपात भिजलेली पुरणपोळी होती. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि तिनं ते जिभेनं टिपलं. गौराबाईला ते बघवेना. ती भांडी घासायच्या निमित्तानं परसात गेली.

तिनं रात्रीची वाट बघितली नाही, नवरा दुकानातून आल्या आल्या त्याच्या कानावर घातलं. पोरीचं हे असं करू नका म्हणावं भाऊजींना. ती स्वतः बोलू शकत नव्हती. थोरल्या दिरापुढं तिनं उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं, दाराआडूनच काय ती हूं-हां. शरणप्पानं जेवता जेवता करपट ढेकर दिला आणि दादापुढं कोण बोलणार, असं म्हणाला. चार-दोन महिन्यांचा तर सवाल हाय, पोरीच्याच भल्याचं हाय. आणि वाढ गं अजून, असं म्हणून ताट पुढं केलं. असा नवरा असला म्हणजे शत्रू बाहेर शोधायला नको.

त्या लिंगायत घराची एक रीत होती. जेवायला बसण्याआधी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, कपाळाला विभूती, आणि मग घास. ताटात पडलं तो प्रसाद. शीतसुद्धा टाकायचं नाही; शेवटी ताट धुऊन ते पाणीही प्यायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, चांगलीच रीत, अन्नाला मान देणारी. शिवम्मानं तीच पोरीच्या मानेवर ठेवली. ताटात पडेल तेवढाच प्रसाद, म्हणायची. मागून घेतला तर तो प्रसाद राहत न्हाय, हावरटपणा हुतो. मग जगदेवी अर्धी भाकरी संपवायची, ताटात पाणी घालायची, बोटानं कड पुसून काढायची आणि ते पाणी प्यायची. शेवटचा थेंब ओठावर येईपर्यंत ताट उचलून धरायची. गौराबाई तव्यावरची भाकरी उलटता उलटता हे बघायची. चूल तिची, पीठ तिनं मळलेलं, भाकरी तिनं थापलेली, आणि पोरीला वाढायला हात उठत नव्हता. कसलं हे जिणं!

येळ अमावस्या आली. आपल्याकडं ह्या दिवशी घरात कोण थांबतं? सगळं गाव शेतात. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाचं मडकं, गव्हाची खीर, आणि वाटेनं जाणारा परका माणूससुद्धा हाताला धरून पंगतीला बसवायचा. महालिंगप्पाच्या शेतातही पंगत बसली. रस्त्यानं जाणाऱ्या दोन गाडीवानांना त्यानंच हाका मारून बोलावलं, आग्रह करकरून वाढलं, आज उपाशी गेलात तर आमच्या शेताला दोष लागंल, असं वर म्हणाला. आणि चिंचेखाली त्याची स्वतःची पोरगी घरून आणलेलं गार माडगं पीत होती. गाडीवानांच्या मिशांना आंबील लागलेलं, महालिंगप्पाच्या हनुवटीवर भज्जी, शिवम्मा बोटं चाटून खिरीची वाटी पुन्हा पुढं करतेय, आणि सगळे म्हणतायत, खा हो खा, लाजू नका. गौराबाई वाढत होती. वाढता वाढता तिला एकदम वाटलं की समोर माणसं नाहीत, नुसती तोंडं आहेत, चघळणारी. तिनं पळी मडक्यात टाकली आणि बांधाआड जाऊन ओकली. कुणीतरी हसून विचारलं, काय गौराबाई, गोड बातमी का? तिला त्या माणसाच्या तोंडावर आंबिलाचं मडकं फोडावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं चोरी सुरू केली. शेंगा भाजायच्या, कुटायच्या, गूळ घालायचा, लाडू वळायचा आणि पदराआड लपवून गोठ्यात न्यायचा. जगदेवी शेण काढायला यायची तेव्हा तो तिच्या हातात द्यायचा. पहिल्यांदा पोरीनं लाडू दोन्ही हातांनी धरला आणि न चावता गिळला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबली नाही. गौराबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला तर हाताला मणके लागले. असू दे, तिनं मनाशी म्हटलं. ही सगळी माणसं मला जाळायला निघाली तरी बेहत्तर, पोरीला मी मरू देणार न्हाय.

काही दिवस असं चाललं. मग जगदेवी म्हणायला लागली, ठेव काकू, खाते मग. गौराबाई ठेवून जायची. परत यायची तेव्हा लाडू नसायचा. गौराबाईला बरं वाटायचं. पण पोर काही भरेना. गालफडं बसली, ओठ पांढुरके पडले, विंचरताना केसांचे पुंजके फणीत यायला लागले. रहाटावर घागर काढताना एकदा तिला भोवळ आली आणि दोर हातातून सुटला. मग हा लाडू जातो तरी कुठं? गौराबाईला वाटलं शिवम्मानंच हेरलं असेल, तीच काढून घेत असेल. त्या बाईबद्दल काहीही खरं वाटलं असतं.

एके सकाळी न्हाणीसाठी गोवऱ्या काढायला म्हणून ती गोठ्यात गेली. ढिगाऱ्यातली वरची थप्पी काढली आणि हात मागं घेतला. आत तिनं ठेवलेले लाडू होते. सगळे. एकावर एक दाबून बसवलेले, जुने बुरशीनं हिरवे झालेले, नव्यांवर काळ्या मुंग्यांची रीघ. गूळ पाझरून शेणात मिसळला होता आणि कुबट वास येत होता. जिथं शीत टाकायची चोरी, त्या घरात पोरीनं अन्न शेणात पुरलं होतं.

गौराबाईनं तिला हाताला धरून तिथं आणलं. ओरडली नाही. नुसतं दाखवलं. जगदेवी लाजली नाही की रडली नाही. तिनं बाही वर सरकवली आणि दंडातला धागा बोटानं फिरवून दाखवला. तो गरागरा फिरत होता.

"आत्या म्हनली, आता कुठं माणसात आलीस," ती म्हणाली. "तू मला परत तसलीच करायला बघतीस."

"तसली म्हंजे कसली गं?"

जगदेवीनं तिच्याकडं बघितलं. तोंडाकडं नव्हे, दंडाकडं, पोटाच्या वळीकडं, चोळीच्या काठातून बाहेर आलेल्या मांसाकडं. सावकाश बघितलं. पोरीच्या नाकपुड्या आकसल्या, जसं काही सडकं नजरेला पडावं. मग ती बोलली.

"तुझ्यासारखी. मला न्हाय व्हायचं तुझ्यासारखं."

ती शेण काढायला लागली. गौराबाई गोवरी हातात धरून उभीच राहिली. ह्याच अंगाला बिलगून ही पोर झोपायची, ह्याच पोटावर डोकं ठेवून गोष्टी ऐकायची, काकू तू मऊ मऊ आहेस म्हणायची. शिवम्मानं पोरीचं मांस काढलं ते काढलं, वर आत घाण भरली. गौराबाईला राग पोरीचा आला नाही. पण तोंडात कडू आलं आणि दिवसभर ते गेलं नाही.

माघात बब्रुवान मध्यस्थ सोलापूरची सोयरीक घेऊन आला. तिकडं इंग्रजाचा कायदा, लहान पोरीचं लग्न लावलं तर कज्जा उभा राहतो. म्हणून तिकडची माणसं पोरी बघायला मोगलाईत यायची, आणि लग्नही इकडंच उरकून न्यायची. मुलगा कापडाच्या पेढीवरचा, घर भरलेलं, असं बब्रुवाननं सांगितलं. शिवम्मानं सात वेळा धागा बघितला असेल. खूश होती. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनं जगदेवीला माडगंही दिलं नाही, नुसतं पाणी. पोट आत दिसंल, म्हणाली.

भाड्याची मोटार सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर झडतीसाठी अडकली, म्हणून पाहुणे उन्हं कलल्यावर पोचले. मुलाची आई गिरिजाबाई, तिचा भाऊ, आणि पुढं नाचणारा बब्रुवान. गौराबाईनं पोळ्या केल्या होत्या. माजघराच्या दाराआड ती उभी राहिली. जगदेवी पाटावर येऊन बसली. हिरव्या इरकलीत ती पोर हरवून गेली होती. पदर खांद्यावर टिकत नव्हता.

गिरिजाबाईनं तिचं मनगट धरून वर उचललं. दंड चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. तोंड उघडायला लावून दात बघितले. टाच बघितली. हाताचे अंगठे दुमडून बघितले. गौराबाईला वाटलं, आता शेपूट उचलून बघायचं तेवढं राहिलंय. मग गिरिजाबाई महालिंगप्पाकडं वळली.

"ही धाकटी असंल. थोरलीला बोलवा की."

महालिंगप्पा गोंधळला. थोरली नाही, एकच आहे, हीच. गिरिजाबाईनं बब्रुवानकडं डोळे वटारले आणि मग जे काही तोंड सोडलं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. जळकोटवाल्यांकडून आम्हाला कळलं होतं, म्हणाली, की नळदुर्गात महालिंगप्पाची पोरगी अंगापिंडानं भरलेली आहे, बाईमाणूस वाटावी अशी. त्यांना नको होती, आम्हाला तीच पाहिजे होती, म्हणून तर मोटार करून आलो. आणि तुम्ही ही काडी पुढं बसवता? मग जरा आवाज खाली आणून तिनं जे बब्रुवाननं लपवलं होतं ते सांगून टाकलं. मुलाचं हे दुसरं लग्न. आधीची अशीच होती, बारकी. पहिल्याच बाळंतपणात गेली, पोरही गेलं. दोन जिवांची बात, पण सांगितली अशी की जणू बाजारातून आणलेला डेरा फुटका निघाला.

दाराआड गौराबाईनं चौकट धरली. म्हणजे पोरीला वाळवलं ते कशासाठी? होती तशी राहिली असती तर पसंत पडली असती! आणि पसंत पडली असती तर कुठं गेली असती, ते आता कळत होतं. आगीतून फुफाट्यात. तिला हसावं की ओकावं ते समजेना.

गिरिजाबाई मात्र उठून गेली नाही. तिनं पोरीचं मनगट पुन्हा हातात घेतलं, हाड बोटानं चाचपलं, भावाशी डोळ्यांनी बोलली. "हाड दणकट हाय," ती म्हणाली. "चैतापर्यंत भरवा. मग येऊन बघतो."

महालिंगप्पाच्या जिवात जीव आला. तो हसला, बब्रुवान हसला, पोळ्यांवर तुपाची धार पडली, सगळे जेवले. ज्या पोरीवर हे सगळं चाललं होतं ती पाटावर तशीच बसून होती, उचललेला हात अजून खाली घेतला नव्हता.

मोटारीची धूळ बसली नाही तोच शिवम्मा स्वयंपाकघरात आली. आणि काय म्हणाली असेल? पोरीचे हे हाल गौराबाईनं केले, असं म्हणाली. चूल तुझ्याकडं, पीठ तुझ्या हातात, सख्खी आई असती तर पोरीला असं वाळू दिलं असतं का? वांझेच्या हातात पोर दिली, आमचंच चुकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. महालिंगप्पा मागच्या खोलीतून स्वतः तुपाचा डबा उचलून घेऊन आला. त्याच डब्यांना पोरीनं हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप होतं.

जगदेवीपुढं ताट मांडलं. भाताचा ढीग, त्यावर वरण, पुरणपोळ्यांची चळत, आणि शिवम्मानं तूप ओतलं. ते भातातून झिरपलं, ताटाच्या कडेला आलं, तरी ओतत राहिली. "ताटात पडलं तो प्रसाद," ती म्हणाली. "शीत राहिलेलं चालायचं न्हाय."

जगदेवीनं विभूती लावली. एक घास घेतला. दुसरा घेतला. तिचा गळा वरखाली झाला आणि दोन्ही घास ताटात परत आले. शिवम्मानं ते बघितलं आणि पोरीचे गाल एका हातानं दाबून तोंड उघडलं, दुसऱ्या हातानं त्याच ताटातला घास कालवून आत कोंबला. महालिंगप्पा उभा होता. शरणप्पा उभा होता. खा गं पोरी, शहाणी न्हवं का तू, असं म्हणत दोघंही उभे होते.

गौराबाईनं ताट ओढलं आणि परसात भिरकावलं. प्रसाद, ताट, तूप, सगळं. मग आत येऊन घागरभर पाणी चुलीत ओतलं. धूर, राख, फसफस. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सारखा केला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती दिराच्या तोंडाकडं बघून बोलली.

"भाऊजी, तुमच्या आडतीत शेंगांचं पोतंसुद्धा असं उघडून, दाबून, ओतून कुणी बघत न्हाय. पोरगी हाय ती. आजपासून ह्या चुलीवर तुमच्यासाठी तवा चढणार न्हाय. सोलापूरला न्हाय म्हणून कळवा, मग जेवा."

शरणप्पानं हात उगारला. ती हलली नाही, तेव्हा तो खाली घेतला.

शिवम्मा म्हणाली, हिच्यावाचून काय अडलंय, मी करते. करायला बसलीही. पण किती वर्षं झाली होती तिनं पीठ मळून! भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरी वर करपून आत कच्ची राहिली. महालिंगप्पानं एक तुकडा मोडला आणि ठेवून दिला. लिंगपूजा झालेली, विभूती लावलेली, ताटात पडलेलं टाकायचं नाही, आणि खाववत तर नाही. त्या दोघा भावांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. शेजाऱ्यांकडं मागायची सोय नव्हती. आडतवाल्याच्या घरी चूल विझली म्हटल्यावर गावानं काय काय जोडलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी महालिंगप्पानं बब्रुवानला बोलावणं धाडलं आणि अंगणात, गौराबाईला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की सोलापूरकरांना न्हाय म्हणून कळव, वर्षभर हा विषय काढायचा न्हाय. शिवम्मा किल्ल्या खुळखुळवत देवघरात जाऊन बसली.

पोटाला चिमटा बसला तर एका दिवसात अक्कल आली. पोरीच्या पोटाला तीन महिने बसला होता.

गौराबाईनं राख काढली, चूल सारवली, पेटवली. सगळ्यात आधी एकच भाकरी केली. घरच्या चांगल्या शाळू ज्वारीची, पातळ, पापुद्रा सुटलेली. तूप घातलं नाही, वास नको म्हणून. शेंगांची चटणी बाजूला घेतली, वाटीत थोडं ताक. आता कुणी बघणार नाही, कुणी मोजणार नाही, माझ्या हातचं माझी पोर खाईल, असं मनात म्हणत ती माजघरात गेली. तिला वाटत होतं आपण जिंकलो.

जगदेवी भिंतीला टेकून बसली होती. दंडात धागा नव्हता. तो तिनं काढून कुठं टाकला कोण जाणे. गौराबाईनं भाकरी पुढं ठेवली, सोलापूरचं मोडलं हे सांगितलं, आत्या आता तुझ्या ताटाकडं बघायची न्हाय हेही सांगितलं. जगदेवीनं नीट ऐकून घेतलं. भाकरीला हात लावला नाही. रुसलेली नव्हती, हट्टही नव्हता. कामाचं काही विचारावं तसं तिनं विचारलं.

"काकू, मग आता मी केवढी व्हायचं? ते सांग. तेवढंच खाते."

गौराबाईनं भाकरीचा एक तुकडा मोडून पोरीच्या हातात दिला. "कुणासाठी केवढी व्हायचं न्हाय, माझे बाय. पोट भरंल तेवढं खा."

जगदेवीनं तुकड्याकडं बघितलं. खरंच विचार केला तिनं, कपाळाला आठी घालून. मग मान वर केली.

"पोट भरलं, हे कसं कळतं?"

ती चेष्टा करत नव्हती. तिला माहीत नव्हतं. आधी होतं, आता नव्हतं. गौराबाईनं सांगायला तोंड उघडलं. उभा जन्म तिनं माणसं जेवू घातली होती, नुसत्या तोंडाकडं बघून कुणाला काय हवं ते ओळखलं होतं. बाहेर ओट्यावरून शरणप्पानं हाक मारून विचारलं की आमच्या भाकरी कधी टाकतेस.